धंद्याला तेरावा नसतो

विचारणारे गृहस्थ इंदूरचेच, वय 43, राहायला सुदामा नगरात. सांवेर रोडवर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना नऊ वर्षं चालवला आणि गेल्या दिवाळीनंतर बंद केला. देणं 38 लाखांच्या आसपास. त्यात वडिलांच्या निवृत्तीचे 11 लाख आणि मेव्हण्याचे 6. ते लिहितात: सहा महिने झाले, मी अजून तिथंच आहे. पहाटे साडेतीनला जाग येते. फोन उचलत नाही, टपाल उघडत नाही. यंदा पहिल्यांदाच रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर गेलो नाही. सगळे म्हणतात, 'सोडा आता, नवीन काहीतरी करा.' मला ते का जमत नाही? माझ्यात काही बिघडलंय का?

---

तुमच्या पत्राच्या शेवटी कंसात एक वाक्य आहे. "निदान विमा तरी आहे." जाता जाता लिहावं तसं लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही.

सत्तावीस वर्षं मी इंदुरात समुपदेशनाचं काम करते आहे. धंदा बुडालेल्या माणसांच्या, त्यातही पुरुषांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की हातातलं पेन खाली ठेवते. म्हणणाऱ्याला तो साधा हिशोब वाटतो. एका बाजूला देणं, दुसऱ्या बाजूला विम्याची रक्कम, वजाबाकी केली की घरच्यांचं भलं. त्या वहीत तुमची मुलगी कुठल्या खात्यावर मांडलीत ते मला सांगा. थकलेलं मन हिशोबाला बसलं की एकच बाजू लिहितं, आणि ती चोख लिहिलेली असल्यामुळं खरी वाटते. हे आजाराचं लक्षण आहे. ताप आलेला माणूस बरळतो, त्यातलं हे बरळणं.

म्हणून सरळ विचारते. मरून जावं असं वाटतं का? कसं आणि कधी, इथपर्यंत विचार गेलाय का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर पुढचं वाचू नका. आधी बायकोला उठवा आणि याच शब्दांत सांगा. घरात हाताशी जे काही असेल ते तिला हलवू द्या. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, पहाटे साडेतीनलाही उचलतात. किंवा कुणाला तरी बरोबर घेऊन थेट एम. वाय. रुग्णालय गाठा. 'पोलिसांचं लफडं होईल' ही भीती अजून पुष्कळांना असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही. नुसतं मन मोकळं केल्याबद्दल तर प्रश्नच येत नाही.

एवढं झाल्यावर आता तुमच्या प्रश्नाकडं वळते.

आपल्यात माणूस गेला की काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. शेजारचे चहा आणतात, भाऊबंद येऊन नुसते बसतात, दहाव्याला घाटावर जायचं असतं, तेराव्याला गोड जेवण होतं. कुणीतरी आग्रहानं पहिला घास घ्यायला लावतं आणि चौदाव्या दिवशी माणूस कामावर जातो. दुःख संपलेलं नसतं, पण 'झालं ते झालं' यावर चार लोकांची सही झालेली असते. धंदा गेला की यातलं काहीच होत नाही. उलट ज्यांचे पैसे तुमच्याकडं आहेत ते वेगळ्याच कारणानं येतात आणि ज्यांच्याकडं तुमचे आहेत ते रस्ता बदलतात. नऊ वर्षं. चौदा माणसांचा पगार. रविवारी दुपारी घर फार शांत वाटतं आणि मशीनची धडधड कानात येते, असं तुम्ही लिहिलंय. याला शोकच म्हणतात. फक्त या शोकाला तेरावा नसतो, म्हणून तो लांबतो.

हे मी पुस्तकातनं शिकण्याआधी घरात पाहिलं. माझ्या वडिलांचा छापखाना होता. दोन ट्रेडल मशीनं, एक कटर, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या केसेस आणि ती अक्षरं जुळवणारे दोन जुळारी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, एखाद्या मंडळाची स्मरणिका. नव्वदीच्या दशकात संगणकावरचं डीटीपी आणि ऑफसेट छपाई आली आणि पाचेक वर्षांत सगळं हातातून गेलं. वडील त्यांच्या कामात उत्तम होते, त्यांचं कामच राहिलं नाही. पण 'छापखाना बंद केला' असं ते कधी म्हणाले नाहीत. 'सध्या मशीन बंद आहे' म्हणायचे. चार महिने रोज सकाळी दहाला डबा घेऊन निघायचे, बंद छापखान्यात बसायचे आणि सहाला परत यायचे. डबा खाल्लेला असायचा. आईला सगळं माहीत होतं, आम्हालाही, आणि आम्हाला माहीत आहे हे वडिलांनाही. तरी कुणी बोललं नाही. ते चार महिने आमच्या घराला जेवढे महाग पडले तेवढं देणंही पडलं नाही. मी तेव्हा मानसशास्त्राच्या पदवीला होते आणि मलाही काही सुचलं नव्हतं, हे आपलं कबुलीदाखल.

तुम्ही कुठंतरी शोकाच्या 'पाच पायऱ्या' वाचल्या आहेत आणि आपण कितव्या पायरीवर अडकलो ते विचारताय. त्या पायऱ्या डोक्यातून काढून टाका. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1969 साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. लोकांनी पुढं त्या प्रत्येक दुःखाला लावल्या. जिना चढल्यासारखा शोक कुणी करत नाही. तुमच्या उपयोगाचं काम वेगळ्या माणसाचं आहे. डीन शेफर्ड नावाचे उद्योजकतेचे अभ्यासक आहेत. त्यांच्या स्वतःच्या वडिलांचा धंदा बुडाला होता. वडिलांची जी अवस्था झाली ती पाहून त्यांनी धंद्याच्या अपयशाकडं शोक म्हणूनच पाहायला घेतलं आणि 2003 साली मांडलं की माणूस दोन तोंडांनी सावरतो. एक तोंड गेलेल्याकडं: काय झालं, कुठं चुकलं, काय गमावलं. दुसरं तोंड पुढच्या कामाकडं: देणी, नोकरी, मुलांची फी. नुसतं पहिलंच करत राहिलात तर तेच तेच उगाळून मन झिजतं. नुसतं दुसरं केलंत तर आतलं दुखणं दाबलं जातं आणि दोन वर्षांनी भलत्याच ठिकाणी उफाळतं. दोन्हीत ये-जा पाहिजे. 'सोडा आता, नवीन करा' म्हणणारे तुम्हाला दुसरंच तोंड दाखवतात. तुम्ही स्वतः चोवीस तास पहिल्यात बसला आहात. चूक कुणाचीच नाही, फक्त येणं-जाणं थांबलंय.

हे कसं करायचं ते आता नीट सांगते. दिवसाला चाळीस मिनिटं गेलेल्या धंद्यासाठी द्या, ठरलेल्या वेळी, संध्याकाळी पाच ते पाच-चाळीस. वही घ्या आणि हातानं लिहा. काय वाटतंय ते लिहा, कुणाचा राग येतो, कशाची लाज वाटते, शेवटच्या दिवशी कामगारांना काय सांगितलं. शुद्धलेखन नाही, कुणाला दाखवायचं नाही, लिहून फाडलंत तरी चालेल. हे आजीबाईचं औषध नाही. जेम्स पेनेबेकर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामावरून काढलेल्या इंजिनिअरांना असंच लिहायला लावलं होतं. ज्यांनी नोकरी गेल्याबद्दलचं मनातलं लिहिलं त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळालं, असं 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं. पाच-चाळीसला वही बंद. पहाटे साडेतीनला तेच विचार आले तर त्यांना म्हणायचं, 'संध्याकाळी पाचला या.' हसू नका, चार-सहा दिवसांत बहुतेकांना फरक पडतो. तरी झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून दुसऱ्या खोलीत बसा, फोन हातात घेऊ नका. आणि रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ सहाच. उठलं की अन्नपूर्णा मंदिरापर्यंत चालत जाऊन या. देवाला नमस्कार करायचा की नाही तुमचं तुम्ही ठरवा, मला चालणं हवंय.

पहिल्या आठवड्याच्या वहीत एक काम मुद्दाम करा. तुमच्या चार पानी पत्रात 'माझी चूक', 'मी मूर्ख', 'माझ्यामुळं' हे शब्द मी मोजले, अकरा वेळा आहेत. क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद, महागल्याचा उल्लेख एकदा, तोही अर्ध्या वाक्यात. मला खोक्यांच्या धंद्यातलं फार कळत नाही, पण 2021 मध्ये क्राफ्ट कागदाचं काय झालं ते तुमच्याच लाइनीतल्या दोघांनी माझ्यासमोर बसून सांगितलंय. चीननं त्या वर्षी रद्दीची आयात पूर्ण बंद केली. तिकडं कच्चा माल कमी पडला, म्हणून इथल्या मिला क्राफ्टचे रोल तिकडं पाठवायला लागल्या आणि इथं भाव चढले. तुम्ही नमकीनवाल्या पार्ट्यांना जुन्या भावानं माल देणं बांधून घेतलं होतं. पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं जे तुमच्या हातात होतं ते लिहा, उजवीकडं जे नव्हतं ते. भाव बांधताना कागदाच्या दराची अट घातली नाही, हे डावीकडं. चीन उजवीकडं. एका पार्टीवर साठ टक्के धंदा टेकवला, डावीकडं. ती पार्टी दुसरीकडं गेली, उजवीकडं. दोन्ही बाजू भरल्या पाहिजेत. डावी बाजू कोरी ठेवणारेही माझ्याकडं येतात, सरकार आणि भागीदार आणि साडेसाती. ते लवकर हसायला लागतात, पण तीन वर्षांत तोच खड्डा पुन्हा खणतात. तुमचा रोग उलटा आहे. 'मी चुकलो' आणि 'मी चुकीचा माणूस' यांत जे अंतर आहे ते तुम्हाला सध्या दिसत नाही. डावीकडच्या चारच ओळी मोजल्यात की दिसेल.

आता टपाल. ते ढिगानं पडलंय असं तुम्ही लिहिलंय, आणि ते वाचताना मला एक कापडवाले आठवले. एम. टी. क्लॉथ मार्केटात गाळा होता, खूण पटू नये म्हणून बाकी तपशील बदलते. ते पिशवीभर न उघडलेली पाकिटं घेऊन आले. बायकोनं पाठवलं होतं. म्हणाले, 'यातलं एक जरी उघडलं तर मी संपेन.' आम्ही चहा मागवला आणि माझ्या टेबलावर एकेक उघडत गेलो. एकतीस निघाली. नऊ जाहिराती. एक भाच्याच्या मुंजीची पत्रिका, मुंज होऊन महिना झाला होता. बरीचशी एकाच बँकेची, तोच मजकूर, फक्त तारीख वेगळी. खरी घाबरावं अशी चार. ते बराच वेळ त्या चार पाकिटांकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, 'एवढंच?' एवढंच नव्हतं, त्यातल्या एकाची मुदत गेली होती आणि त्याचा पुढं त्रास झाला. पण एकतीस राक्षसांचे चार झाले होते आणि चौघांची नावं कळली होती.

मी वकील नाही, पण हे इतक्यांदा झालंय की थोडं सांगू शकते. चेक परत गेल्याची नोटीस असेल तर ती हातात पडल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस असतात. त्यात काही केलं नाही तर समोरचा कोर्टात जाऊ शकतो. तुम्ही कागदवाल्याला आगाऊ चेक दिले होते असं लिहिलंय, म्हणजे ती पाकिटं आधी. तारण असलेल्या कर्जाची सरफेसी कायद्याखालची (बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) नोटीस असेल तर पैसे भरायला साठ दिवस असतात आणि तुमचा आक्षेप लेखी कळवता येतो. बँकेला त्याचं उत्तर द्यावं लागतं. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांसमोर अपमान करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलंय. रात्री नऊला फोन आला तर वेळ लिहून ठेवा आणि बँकेला लेखी कळवा. घाबरलेला माणूस पाकीट उघडत नाही आणि त्यानंच भीती खरी होते. माझ्या अनुभवात धंदा बुडून जितकं नुकसान होतं, त्यानंतरच्या लपण्यानं पुष्कळदा त्याहून जास्त होतं.

तेव्हा येत्या शनिवारी बायकोला शेजारी बसवून सगळं टपाल उघडा. एका मोठ्या कागदावर ज्यांचं देणं आहे त्यांची नावं, रकमा आणि पुढची तारीख लिहा. दुसऱ्या कागदावर येणी. तुमचे नऊ लाख पार्ट्यांकडं अडकलेत, ते 'आता कशाला मागायचे' म्हणून तुम्ही सोडून दिलेत. हासुद्धा लाजेचाच प्रकार. तुमची नोंदणी लघुउद्योग म्हणून होती, तर 45 दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या पैशांसाठी कायद्यानं दाद मागता येते. सीएला विचारा. तो कागद कपाटात ठेवू नका, फ्रिजवर लावा. आकडा 38 लाखच राहील. पण रात्री छातीवर बसणारा आकडा आणि फ्रिजवर लटकणारा आकडा यांचं वजन सारखं नसतं.

लाजेबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या पत्राचा गाभा मला तोच वाटतो.

इंदुरातली आपली मराठी वस्ती केवढी? रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर, तुमचं सुदामा नगर. कुणाच्या मुलाचं लग्न कुठं ठरलं ते दोन दिवसांत सगळ्यांना कळतं. तुम्हाला वाटतं तुमची बातमी अजून झाकलेली आहे. ती दिवाळीतच फुटली. लोकांना कारखाना बंद झाल्याचं माहीत आहे, तुमच्याशी त्याबद्दल बोलायचं की नाही तेवढं माहीत नाही. म्हणून सराफ्यात रात्री समोर आले तर 'काय, कसं चाललंय?' असं गुळमुळीत विचारतात. तुम्ही म्हणता 'चाललंय', दोघंही खोटं बोलतात आणि दोघंही सुटतात. हीच आमच्या घरातली 'मशीन बंद आहे'.

'दिवाळं' हा शब्द बघा. जुन्या काळी पेढी बुडाली की सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, अशी प्रथा सांगतात, आणि शब्द त्या दिव्यावरून आला असं काही कोशकार मानतात. व्युत्पत्तीवर वाद आहे, मी भांडणार नाही. प्रथा मात्र मला विलक्षण वाटते. अब्रू गेली हे तो माणूस स्वतःच्या हातानं, उजेडात जाहीर करत होता. त्यानंतर कुणी कुजबुजण्यात अर्थ राहायचा नाही. तुम्ही सहा महिने तो दिवा पदराआड धरून बसला आहात आणि पदर पेटतोय.

एक वाक्य तयार करून पाठ करा. "खोक्यांचा कारखाना दिवाळीनंतर बंद केला. सध्या देणी मिटवतोय, काम शोधतोय." बास. कारण सांगायचं नाही, विनोद करायचा नाही, 'बघू, देव आहे' हे शेपूटही नको. पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडेल. पहिली तीन माणसं तुम्ही निवडा: एक जुना मित्र, एक नातेवाईक आणि एक असा की ज्याला तुम्ही सगळ्यात जास्त टाळता. चौथ्यापासून त्रास कमी होतो. काही लोक तुटतील. एखादा आत्मा थंड करून घेईल, 'मी तेव्हाच म्हणालो होतो.' त्याला म्हणायचं, 'हो, म्हणाला होतात.' आणि पोहे संपवायचे.

एकट्याचं दुःख आणि घोळक्याचं दुःख यांत किती फरक असतो ते या शहराला चांगलं माहीत आहे. हुकुमचंद मिल ही इथली कापड गिरणी 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. मजुरांचे पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला, 224 कोटी, 4,800 हून जास्त कुटुंबं. मधल्या बत्तीस वर्षांत कितीतरी जण वाट बघत गेले. पण त्या लोकांना कधी एकमेकांपासून तोंड लपवावं लागलं नाही, एका गेटवर उभे होते. आणि गिरण्या बंद पडल्या तरी अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बंद पडल्या नाहीत. ज्या मिलचा भोंगा वाजून तीन दशकं झाली तिची झांकी अजून रात्रभर शहरातनं निघते. तुमच्यासारख्या एकट्या मालकाला गेट नसतं. चौदा कामगार तरी एकमेकांना भेटत असतील, तुम्हाला कुणी बोलावलं नसेल. म्हणून माणसं तुम्हालाच जमवावी लागतील. पहिला फोन तुमच्या जुन्या सुपरवायझरला करा. त्याचा पगार राहिला नसेल तर. राहिला असेल तर तो फोन आणखी आधी.

वडील. "बाबा काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं," असं लिहिलंय. ते का बोलत नाहीत ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही त्यांच्या गप्प बसण्यात तुमच्या मनातली शिवी वाचताय. शनिवारचा कागद झाला की रविवारी त्यांच्यापुढं बसा. 'बाबा, तुमचे अकरा लाख यात आहेत. कधी देता येतील ते आज सांगता येत नाही. पण हिशोब हा आहे, तो तुमच्यापासून लपवलेला नाही.' माफी मागायची तर एकदाच मागा. रोज मागितलेली माफी समोरच्याला ओझं होते, मग त्यांनाच तुमचं सांत्वन करत बसावं लागतं. मेव्हण्याला महिन्याला तीन हजार का होईना, पण ठरल्या तारखेला पाठवा. सहा लाखांपुढं ते काहीच नाही, पण नातं आकड्यावर कमी आणि तारखेवर जास्त टिकतं.

बायकोबद्दल तुम्ही फक्त एवढंच लिहिलंय की ती शाळेत शिकवते आणि 'तिच्यावरच घर चाललंय'. चार पानांत एवढंच. तिनं काय गमावलं ते एकदा विचारा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

'माझ्यात काही बिघडलंय का?' याचं खरं उत्तर: असू शकतं. शोक वेगळा आणि नैराश्याचा आजार वेगळा, पण एकाच्या पोटात दुसरा वाढू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास, कशातच गोडी नाही, पहाटे लवकर जाग, भूक गेलेली, एक पान वाचून होत नाही, आपण नालायक आहोत असं सतत वाटणं, एवढं जमलं की तपासून घ्यायलाच पाहिजे. तुमच्या पत्रात यातलं जवळजवळ सगळं आहे आणि सहा महिन्यांचं आहे. शिवाय ते विम्याचं वाक्य. औषध लिहून देणं माझं काम नाही, पण मानसोपचारतज्ज्ञाला या आठवड्यात दाखवा. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, तेव्हा आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. आणि 'झोप यावी म्हणून थोडी घेतो' हे जे लिहिलंय, ती थोडी बंद करा. दारूनं झोप लागते आणि साडेतीनला तीच उठवते. रोजची सवय जडली असेल तर एकदम न सोडता तेही डॉक्टरांना सांगून सोडा.

पीथमपूरची नोकरी घ्या. जुन्या गिऱ्हाइकानं पॅकिंग मटेरियलच्या खरेदीवर बोलावलंय आणि तुम्हाला ते खाली उतरल्यासारखं वाटतं. त्यांना खोकं विकणाऱ्याच्या सगळ्या लबाड्या माहीत असलेला माणूस हवा असेल, तो तुमच्याइतका चांगला कुठं मिळणार? वर्षभर तरी करा. या वर्षात उसन्या पैशानं नवा धंदा नाही, बायकोचे दागिने तर नाहीतच. बुडालेले पैसे एका फटक्यात भरून काढायची जी ओढ लागते ती जुगाऱ्याची असते. धंदेवाल्याची ओढ परत येईल तेव्हा तुम्हाला कळेल, तिला घाई नसते.

मशीन पुढच्या महिन्यात जाणार आहे आणि त्या दिवशी भावाला पाठवणार, असं तुम्ही म्हणता. स्वतः जा. कामगारांतले जे येतील त्यांना बोलवा, बायको-मुलीला न्या. ट्रकवर मशीन चढताना बघा. रडू आलं तर येऊ द्या. मग सगळे मिळून कुठंतरी जेवा, आणि काहीतरी गोड असू द्या. तुमच्या धंद्याचा तेरावा तुम्हालाच घालावा लागणार आहे.

शेवटचा प्रश्न पाटीचा. कारखान्याला मुलीचं नाव होतं, पाटी गोणपाटात गुंडाळून गॅलरीत उभी केलीय, मुलगी विचारते, 'बाबा, यात काय आहे?' तेरा वर्षांची आहे, तिला माहीत आहे यात काय आहे. ती दुसरंच काहीतरी विचारतेय. तिच्यासमोर गोणपाट काढा आणि पाटीचं काय करायचं ते तिलाच ठरवू द्या.

आमचा छापखाना शेवटी देवासकडच्या एका हिंदी छापखान्यानं घेतला. वडील त्या दिवशी तिथं होते, आईनं पाठवलं होतं. ते लोक केसेस मोजून नेत होते. एक खण त्यांनी बाजूला ठेवला, म्हणाले, 'साब, ये हमारे काम का नहीं.' तो ळ होता. हिंदीत त्याला काम नाही. वडिलांनी ते खिळे रुमालात बांधून घरी आणले. पुढं ते एका पेढीवर हिशोबनीस म्हणून लागले. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ती पुरचुंडी असायची, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, 'माझा छापखाना होता, त्यातले हे ळ उरले.'